पाळीवरचे बूट

नवं चामडं उन्हात तापू लागलं की त्याला एक वास सुटतो. तो मधुर नाही, उग्रही नाही. बाभळीची साल, जवसाचं तेल, मधमाशीचं मेण आणि दूर कुठे विझत आलेला जाळ यांनी एकमेकांच्या कानाशी लागून काही बोलावं, तसा तो दबक्या स्वरातला गंध असतो. भाद्रपदातल्या एका उघडिपीच्या सकाळी आमच्या छपरीच्या पायरीवर माझे नवे बूट असेच तापत पडले होते. तांबूस तपकिरी, घोट्याच्या वर चार बोटं चढणारे, नाडीच्या पितळी डोळ्यांचे, रुंद टाचेचे. त्या वासाने टोलीतली, म्हणजे आमच्या वाडीतली, सात कुत्री रांगेने येऊन बसली होती, आणि आठवं पार दूरच्या नाकाडोंगरीहून निघाल्याची पक्की खबर होती.

वाचकहो, आधीच सांगून ठेवतो, मी किंचित वाढवून बोलतो. माझी पत्नी वच्छला माझ्या तोंडून निघालेल्या प्रत्येक आकड्याला चाराने भागते आणि उरेल तेवढंच शेजारणीला सांगते. अवघ्या टोलीने तिचा हा हिशेब उचलला आहे. पण वाढवून सांगणं म्हणजे खोटं सांगणं का? एका दाण्याची भरघोस लोंबी करून दाखवणाऱ्या शेताला कोणी लबाड म्हणतं का? या प्रश्नाचं उत्तर मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळालं, तेही एका चांभारदादांच्या ओसरीवर, आणि ते माझ्या बाजूने नव्हतं.

बुटांकडे जायचं तर आपल्याला पाळीवरूनच जावं लागेल. आंधळगावच्या बाजारात माझं धान्याचं दुकान आहे, आणि तिथून दीड कोसावर, धानाच्या बांध्यांनी, बांध घातलेल्या खाचरांनी, वेढलेली आमची टोली. टोलीच्या उशाला तलाव. पूर्वजांनी टोपल्या टोपल्या माती वाहून त्याला पाळ घातली. दोन पुरुष उंच, बैलगाडी जाईल इतकी रुंद, अंगावर मोहाची पाच झाडं मिरवणारी. पाळीच्या एका अंगाला आभाळाएवढं पाणी आणि दुसऱ्या अंगाला, त्या पाण्याच्या पातळीखाली, साऱ्या टोलीचा धान. भाद्रपदात हा धान पोटरीवर येतो. लोंबी पोटात असते, जगात आलेली नसते. अशा गर्भार शेतावर पाळ फुटून पाणी आलं तर त्या वर्षी आमच्या चुलींना सुतक! म्हणून पोळा झाला, पाणी सांडव्याला टेकलं, की टोलीने नेमलेला एक माणूस रोज सकाळी ही पाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. अनवाणी. पाळीच्या तोंडाशी शेंदूर माखलेला दगड आहे, तिथे वहाणा सोडायच्या. भरल्या तलावाच्या दिवसांत पाळीवर जोडा चढत नाही. यात देवाचा धाक थोडा आणि शहाणपण अधिक. डोळ्याला वरचं गवत तेवढं दिसतं. खालून माती कुठे पोकळ झाली, खेकड्याचं बीळ कुठे पाण्याला जाऊन मिळालं, ओल कुठे वर चढू लागली, हे तळव्याला आधी कळतं. मऊ लागलं की थांबायचं, गार लागलं की वाकून बघायचं.

हा मान आमच्या घरात तीन पिढ्यांचा. माझ्या आजोबांनी एकदा पाळीवर उजवा पाय टेकवून सांगितलं होतं, की खाली तीन हातांवर एक खेकडा बसला आहे आणि त्याला पडसं झालं आहे. खणून पाहिलं तर खेकडा खरोखर शिंकत होता! वडिलांचा तळवा इतका जाणता की ते तलावाच्या काठाला नुसते उभे राहून कोणता मासा कोणावर रुसला आहे ते सांगत. आणि माझं काय सांगू? बावीस वर्षं मी पाळ चाललो. बाजारात गिऱ्हाईक तांदूळ विसरून माझ्या तळव्यांच्या कथा ऐकत बसायचं. मी म्हणायचो, हात काय हो, हात तर कोणालाही असतात!

आणि ते खरंच नाही का? हाताला मेंदी आहे, मनगटाला राखी आहे, कपाळाला टिळा आहे. आयुष्यभर सारा भार निमूट वाहणाऱ्या तळव्याच्या वाट्याला काय? काटा! देहाच्या या तळमजल्यावर कोणी दिवा लावत नाही. तो अंधारात राहतो, मातीशी परस्पर बोलतो आणि त्या संभाषणातलं महत्त्वाचं तेवढं वर कळवतो. ते कळवणं चालू असतं तोवर आपल्याला त्याची आठवणसुद्धा होत नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्याशी पाळ बोलायची थांबली.

आधी वाटलं, यंदा मातीच अबोल आहे. मग मे महिन्यात दुकानापुढचा डांबरी रस्ता मी भर दुपारी अनवाणी ओलांडला आणि मला चटका लागला नाही. मी काय केलं असेल? बाजारभर फुशारकी मारली! हे तळवे म्हणजे साधे तळवे नव्हेत, यांच्यावर पोळी भाजून घ्या, म्हणालो. लोक हसले, वच्छलाने चाराने भागलं, आणि मी घरी येऊन पायांकडे पाहत राहिलो. शरीरातल्या साखरेने आतल्या नसा हळूहळू विझवत आणल्या होत्या, हे पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की कोणी तरी माझ्या तळव्यांत सावरीचा कापूस भरून टाके घातले आहेत. हे कोणाला सांगायचं? ज्याची सारी कीर्ती तळव्यांवर उभी, त्याने ती कीर्ती कुठे टेकवावी?

मी सांगितलं नाही. पाळ मात्र चालत राहिलो. रोज सकाळी दगडापाशी वहाणा सोडायच्या, गंभीर चेहऱ्याने जायचं, दोनचार ठिकाणी उगीच थांबून मान डोलवायची आणि परत येऊन म्हणायचं, पक्की आहे. मागच्या वर्षी एका संध्याकाळी वच्छला गवताचा भारा टाकून छपरीत आली आणि लुगड्याचा भिजलेला काठ पिळत म्हणाली, "अजी, तिसऱ्या मोहापाशी माहा पाय घोट्यावर फसला. सकाळी तं तुमी तेथूनच गेले ना?"

"मले मालूम होतं वो," मी म्हणालो. "किती वाढते ते पाहून राहिलो होतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मी लगबगीने पाळीवर जाऊन तो झिरपा 'शोधला', आरोळी ठोकली, माणसं धावली, चिकणमाती आणि धानाचं वाळलं तणस कोंबून अंधारायच्या आत भोक बुजवलं. माझ्या पाठीवर थापा पडल्या. वच्छलाने सगळ्यांना चहा दिला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मात्र त्या दिवसापासून तिला गवताचं भलतंच वेड लागलं. रोज सकाळी मी पाळीवरून परतलो की ही विळा घेऊन निघायची आणि तासाभराने भारा घेऊन यायची. घरी गाय एकच! ती बिचारी खाऊन खाऊन इतकी फुगली, की तिला गोठ्यातून काढायला दाराची चौकट उतरवावी लागली. मी बाजारात सांगायचो, असली कामसू बायको तालुक्यात नाही. मी आंधळा नव्हतो. पण ज्याचा एक झरोका बुजला त्याने दुसराही स्वतःच्या हाताने लावून घ्यावा, त्यातला प्रकार.

या उन्हाळ्यात बाभळीचा काटा माझ्या टाचेत दोन दिवस राहिला. छपरीच्या सारवणावर वच्छलाला रक्ताचे ठिपके दिसले, त्यांच्या मागावर ती माझ्यापर्यंत आली. मोहाडीच्या डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली आणि बजावलं, की यापुढे अनवाणी पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही. पायात घट्ट नसलेले, बोटांना मोकळीक देणारे चांगले बूट घाला. मी मान हलवली, आणि माझ्या डोळ्यांपुढे तो शेंदरी दगड आला. बूट घालून पाळीवर जायचं म्हणजे कारण सांगावं लागणार. आणि कारण सांगितलं, की बावीस वर्षांच्या कथा एका क्षणात चाराने भागल्या नव्हे, शून्याने गुणल्या जाणार!

नागपुरात नोकरी करणारी माझी लेक अश्विनी, तिने फोनवर चित्रं पाठवली. "बाबा, हे पाहा, विंटेज स्टाइल वर्क बूट. जुन्या काळचे रेल्वेवाले, खाणवाले, लाकूडतोडे घालत तसेच. आता पोरं शौकानं घालतात." मी चष्मा लावून तासन्‌तास ती चित्रं पाहिली. काय गंमत आहे! नव्या कोऱ्या वस्तूला जुनं दिसण्याचा हव्यास, आणि आम्ही जुने लोक मिशीला कलप लावतो. पण पाहता पाहता मी त्या पादत्राणांच्या प्रेमात पडलो हे कबूल केलं पाहिजे. वरचा भाग सगळ्यांचा सारखाच. माणसांचेही चेहरे सारखेच असतात. खरा स्वभाव तळाशी. कोणाचा तळ शुद्ध चामड्याचा. पातळ, अभिजात, चालताना टकटक बोलणारा, पण ओल्या गवतावर दगा देणारा. कोणाचा रबरी तळ खोल खाचांचा, ट्रॅक्टरच्या चाकासारखा. पकड अशी की विचारू नका, पण आमच्या बांधीच्या काळ्या चिखलात गेला तर प्रत्येक पावलाला पावशेर शेत उचलून घरी आणील. (हा चिखल तुम्हाला ठाऊक नाही. एकदा यात एक जीप फसली. बैल लावून ओढली तेव्हा जीप निघाली, चाकं आतच राहिली.) कोणाला टाचच नाही, पुढून मागपर्यंत एकसंध सपाट तळ, तलावातल्या डोंग्यासारखा. आणि कोणाची टाच उंच, मागे किंचित तिरकी, रिकिबीत पाय अडकवणाऱ्या घोडेस्वाराची! माझं मन अर्थातच त्या घोडेस्वारावर बसलं. घोडा नव्हता, पण घोड्याची कथा रचायला मला कितीसा वेळ लागणार?

पण चित्रात पाय घालून पाहता येत नाही. म्हणून मी नाकाडोंगरी गाठली. तिथे लहानुबुवा राहतात. खाणीत उतरणाऱ्या माणसांचे बूट शिवण्यात आणि त्यांचे तळ बदलण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सत्तरी उलटली आहे, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा आहे, पण आरी हातात आली की बोटं पंचविशीची होतात. ओसरीवर लोखंडी तिपाई, मेण लावलेल्या दोऱ्याची गुंडी, लाकडी फर्म्यांची रांग. जणू गेलेल्या माणसांचे पाय भिंतीला टेकून विसावले आहेत. मी जाऊन बसलो.

"कायसाठी पायजे जोडे?" त्यांनी विचारलं.

"पाळीवर चालाले."

त्यांचा हात थांबला. "भरल्या तलावाच्या पाळीवर? जोडे घालून?"

मग मी सुरू झालो. सांगितलं, की माझ्या तळव्यांत आताशा इतकी ऊब साठली आहे, की मी चालतो तिथलं गवत करपतं, पाळीवर पिवळा पट्टा उमटला आहे, आणि टोलीने हात जोडून विनंती केली आहे, की शामरावजी, तुमी जोडे घाला. लहानुबुवांनी सगळं शांतपणे ऐकलं. "हौ," एवढंच म्हणाले. त्यांनी माझा पाय पाण्यात बुडवून फरशीवर टेकवला, ओल्या ठशाभोवती खडू फिरवला, बोटांची रुंदी सुतळीने घेतली. मग आतून एक जुना नमुन्याचा जोड आणला. "घाला. त्या निंबापोत जाऊन या."

मी घातला, नाडी आवळली, कडुलिंबापर्यंत गेलो, आलो. हौसेने दुसरी फेरीही मारली. "वा, लहानुबुवा! लोन्यात पाय टाकल्यासारखं वाटून राहिलं जी!"

त्यांनी डावा बूट माझ्या पायातून अलगद काढला आणि स्वतःच्या तळहातावर उलटा केला. लाखोरीचे तीन दाणे बाहेर पडले.

लाखोरी तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. धान निघाल्यावर उरल्या ओलीवर आमच्याकडे ही डाळ पिकते. तिचा दाणा वाटाण्यासारखा गुळगुळीत नाही. कोनाकोनांचा, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा धारदार. अनवाणी पायाखाली एक आला तरी माणूस आईची आठवण काढतो. आणि मी अठ्ठावीस वर्षं लाखोरी विकली! डोळे मिटून मूठ भरली तर दाणा कोणत्या शिवारातला ते सांगतो अशी माझी शेखी! तीन दाण्यांवर उभा राहून, दोन फेऱ्या मारून, मी लोण्याची उपमा दिली होती.

"खाणीतल्या मानसाले मी पयले असेच दाने टाकून चालवत होतो," लहानुबुवा दाण्यांकडे पाहत म्हणाले. "ज्याले टोचते तो मले शिवी देते. मंग मी खुश. जो तारीफ करते ना भाऊ, त्याचीच मले भीती वाटते."

मी काही बोललो नाही. ही घटना नोंद घेण्यासारखी आहे.

"घरी मालूम आहे?"

"नाही."

"गावाले?"

"नाही."

"मंग पाळ कोन चालून राहिलं जी? तुमी, का तुमचं नाव?"

त्या ओसरीवर दुपारचं ऊन होतं, पलीकडे पळसाच्या रानात कुठे तरी होला घुमत होता, आणि मला पहिल्यांदा सगळा धान दिसला. म्हणजे रोजच दिसतो. पण त्या दिवशी तो पाण्याखाली आडवा पडलेला दिसला. पोटातली लोंबी पोटातच राहिलेली. आणि पाळीवर, मान डोलवत, 'पक्की आहे' म्हणत जाणारा एक पोकळ माणूस. वाढवून सांगण्याला निदान एक दाणा तरी खरा लागतो, नाही का? माझ्याजवळचा तो दाणा तीन वर्षांपूर्वीच किडला होता, आणि मी नुसत्या टरफलाची लोंबी मिरवत होतो.

लहानुबुवांनी खडू पुन्हा हातात घेतला. कारागिरांची ही थोरवी. घाव दाखवून झाला की ते इलाजाला लागतात. बूट कसा असावा याचा विचार ते मोठ्याने करू लागले आणि मी ऐकत राहिलो. आत कुठे शिवण नको, घासून जखम झाली तर तुम्हाला कळणार नाही. बोटांपाशी घर रुंद हवं. अस्तर पांढरं हवं, रक्त लागलं तर दिसावं. तळ शिवलेला हवा, डकवलेला नको. झिजला की टाके उकलून नवा लावता येतो, वरचा जोडा वीस वर्षं तोच. (माणसालाही अशी शिलाई असती तर!) खोल खाचा नकोत, चिखल धरून जड होतील, चामड्याचा तळ नको, घसरेल. बारीक रेघांचं रबर घालू.

"टाच?" मी हळूच म्हणालो. "ते उंचवाली..."

"उंच टाच मंजे पाळीले भोक," ते फटकारून म्हणाले. "तुमच्यासाठी खरं तं बिनाटाचेचाच बेस. सपाट. कुठी अडकन नाही, ठेस लागन नाही." मग बराच वेळ ते फरशीवर वाळत आलेल्या माझ्या ठशाकडे बघत बसले. ठशातली टाच सर्वांत शेवटी वाळत होती. "नाही," ते स्वतःशीच बोलले. "टाच देतो. ठेंगनी, रुंद, चार थराची, म्होरची कड सरळ. उतारावर पाय थांबवन. आन आनखी एक काम करन."

"कोनतं जी?"

"पायाले नाही समजत, तं मांगं वळून पाहा. सुकी माती टाचेचा निसता शिक्का घेते. खालून वली असन तं शिक्का खोल जाते, आन पाच मिंटात त्याच्यात पानी येते. सपाट तळाचा शिक्का उठत नाही, तुमाले वाचाले काही राहात नाही. पन एवढं करा, चालून झाल्यावर मांगं पाहाले लाजू नका."

महिन्याने बूट तयार झाले. नेताना पाहिलं, तर डाव्या बुटात कागदाची एक पुडी होती. "घरी गेल्यावर दाखवजा," लहानुबुवा म्हणाले. कोणाला, ते सांगायची गरज नव्हती.

पुडी मी दाखवली नाही. आठ दिवस बूट खाटेखाली होते. माझ्या धैर्याचा मुक्कामही तिथेच. शेवटी त्या भाद्रपदातल्या सकाळी, ज्या दिवशी पाणी सांडव्याला टेकलं आणि पाळीची पहिली फेरी ठरली, त्या दिवशी वच्छलाने स्वतःच बूट बाहेर काढून उन्हात ठेवले. आत ओल तर नाही ना म्हणून तिने हात घातला आणि पुडी तिच्या हाती आली. तीन दाणे तिच्या तळहातावर पडले. सात कुत्री साक्षीला होती.

"लाखोरी कायले ठेवली जी जोड्यात?"

जिभेवर दोन उत्तरं तयार होती, दोन्ही उत्तम. एकात तर उंदीरही होता. पण तो वास येत होता, चामड्याचा आणि मेणाचा, आणि त्या वासात लहानुबुवांची ओसरी होती. मी पायरीवर बसलो आणि लिंबापर्यंतच्या दोन फेऱ्या सांगितल्या. जशा झाल्या तशा. दोनच.

वच्छला दाणे बोटाने फिरवत राहिली. "मले मागच्या सालीच समजलं," ती म्हणाली. "तवापासून पानी उतरेपोत रोज सकाळी तुमच्या मांगं पाळ चालली मी. तुमाले काय वाटलं, एका गायीले एवढं गवत लागते?"

देवा! तो विळा, तो भारा, ती फुगलेली गाय! सारा हंगाम माझ्या कीर्तीच्या मागून एक बाई अनवाणी चालत होती. आणि ती कीर्ती सांभाळायला तिने गायीचं पोट बिघडवलं होतं!

मी बूट घातले. दगडापाशी सारी टोली जमली होती. वहाणांची रांग लागली होती. त्या रांगेशी मी पोहोचलो आणि थांबलो नाही तेव्हा कुजबुज बंद झाली. आमचे शेजारी सखारामभाऊ, ज्यांची बांधी पाळीच्या अगदी पोटाशी आहे, ते हसून म्हणाले, "का जी शामरावजी, मिल्ट्रीत भरती झाले का? का पाकिस्तान मोहाडीपोत आलं?"

सगळे हसले. माझ्यासाठी ती मैफल मांडलेली होती. फक्त सूर लावायचा अवकाश. करपलेल्या गवताची कथा ओठांवर आलीही. मग मी म्हणालो, "तळवे मेले माहे. तीन सालापासून मले पाळ समजत नाही. मागच्या सालचा झिरपा वच्छलानं धरला होता. मी नाही."

सखारामभाऊ माझ्याकडे, मग बुटांकडे, मग वच्छलाकडे पाहू लागले. त्यांना हसावं की नाही ते कळेना. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "हे बी चारानं भागाचं का?"

"नाही," वच्छला म्हणाली. "हे पुरं आहे."

नंतर काय झालं ते मी वाढवणार नाही. काही जण रागावले, आणि त्यांचा हक्कच होता. सखारामभाऊ तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण पाळ वाट पाहत नसते. टोलीतले सर्वांत जाणते सोनबाजी काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, "बाई म्होरं चालन, शामराव मांगून. दगडाच्या देवाचं मी पाहून घेतो." वच्छलाने वहाणा सोडल्या, पदर खोचला आणि ती चालू लागली. तिच्यामागे मी, ठेंगण्या, रुंद टाचा दाबत, दर दहा पावलांवर मागे वळून पाहत. पाळीवर माझ्या टाचांचे शिक्के उमटत होते, आणि अठ्ठावन्न वर्षांत मी पहिल्यांदा मी जिथून आलो ते नीट बघत होतो. चौथ्या मोहाच्या पुढे ती थबकली. पाऊल उचललं, पुन्हा टेकवलं. "इथं गार लागून राहिलं," ती म्हणाली. मी त्याच जागी टाच रोवली आणि बाजूला होऊन दोघंही बघत उभे राहिलो. टाचेच्या अर्धचंद्रात आधी माती काळी झाली, मग चकाकली, मग तिच्यात पाणी आलं. आणि त्या बोटभर पाण्यात मोहाची एक फांदी आणि आभाळाचा तुकडा. मागून येणाऱ्या माणसांना मी हाक मारली. सखारामभाऊंनी पहिली टोपली आणली. न बोलता.

आता संध्याकाळी बूट पुन्हा पायरीवर असतात. त्यांना आता शेवाळाचा, चिखलाचा, माशांचा वास येतो. पण नाक जवळ नेलं की त्याखाली अजून बाभळीची साल आहे, मेण आहे, विझत आलेला जाळ आहे. कुत्री येत नाहीत. खरं सांगायचं तर त्या दिवशीही दोनच आली होती. तुम्ही भागून घेतलं असेलच. दिवेलागणीच्या आधी, उजेड आहे तोवर, वच्छला माझे पाय मांडीवर घेते आणि एक एक बोट उकलून तळवा तपासते. कुठे काटा, कुठे फोड, कुठे घासलं का. तिचा हात टाचेवरून चवड्याकडे सरकताना मला दिसतो. फक्त दिसतो.

"गुदगुल्या होऊन राहिल्या वो," मी म्हणतो.

"खोटे!" ती म्हणते, आणि हात तसाच ठेवते.